परदेशात आरोग्याच्या किंवा मुलांच्या कामाला जायचंय? आधी कळव्याची कसोटी लावा

ठाणे-वाशी लोकलमध्ये, बिल्डिंगच्या सत्यनारायणाला, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून बसले असताना मला हाच प्रश्न विचारला गेलाय: "ताई, ते आफ्रिकेत जाऊन सेवा करतात ना, त्याला किती खर्च येतो?" मी उलट विचारते, "तुला काय येतं?" इथे गाडी अडते. कारण जाहिरातींनी डोक्यात भरवलेलं असतं की मन मोठं असलं की झालं, बाकीचं तिथे गेल्यावर शिकवतात.

मी नर्स आहे, ऐरोलीत राहते. दोनदा अशा कामाला गेले. पहिल्यांदा नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना, एका एजन्सीला शिकवणीचे साठवलेले पैसे देऊन, काठमांडूला. ती फेरी फसली. दुसऱ्यांदा बऱ्याच वर्षांनी, केनियात किसुमूजवळ, चार महिने. ती बऱ्यापैकी जमली. खाली लिहिलंय ते या दोन्हींतून आलंय, पहिल्या फेरीतून जरा जास्तच.

कळव्याची कसोटी म्हणजे काय

काठमांडूला माझ्या गटात मुंबईचा एक बी.कॉम.चा मुलगा होता. तिथल्या छोट्या दवाखान्यात त्याला तिसऱ्याच दिवशी एका मजुराच्या पायाला टाके घालायला दिले. त्याने घातले, फोटो काढला, रात्री सगळ्यांना दाखवला. मी तेव्हा काही बोलले नाही, याची मला अजून लाज वाटते. हाच मुलगा उद्या ठाणे महापालिकेच्या कळव्याच्या हॉस्पिटलात जाऊन म्हणाला असता की मी दोन आठवडे मोकळा आहे, मला टाके घालू द्या, तर वॉचमननेच त्याला गेटबाहेर काढलं असतं.

तर कसोटी एवढीच: जे काम कळव्यात तुम्हाला करू देणार नाहीत, ते काठमांडूत किंवा किसुमूत करायचं नाही. इंजेक्शन, टाके, बाळंतपण, औषध देणं, मुलांचं समुपदेशन, सगळ्याला हीच फूटपट्टी. समोरचा आग्रह करत असेल तर तो तुमच्यावर विश्वास टाकतोय असं समजू नका. तिथल्या रुग्णाला कोणी वाली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पहिली पायरी: काय येतं ते कागदावर लिहा

उत्साह, मुलांची आवड, समाजसेवेची ओढ हे त्या कागदावर नको. शिक्षण, परवाना, किती वर्षं काय केलं, कुठल्या भाषेत काम करता येतं, एवढंच.

यात डॉक्टर-नर्स नसलेल्यांनी खचून जाऊ नये. आरोग्याच्या कामात हिशेब, साठा आणि दुरुस्ती यांची चणचण जास्त असते. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते. गावाकडच्या केंद्रात वीज जाते, फ्रीजचं तापमान दिवसातून दोनदा नोंदवायचं राहून जातं, आणि पेटीभर लस वाया जाते. तुर्भ्याच्या गोदामात औषधांचा साठा सांभाळलेला माणूस तिथे माझ्यासारख्या दोन नर्सना भारी पडेल. महापालिका शाळेत दहा वर्षं शिकवलेल्या बाई तिथल्या शिक्षकांबरोबर बसून धडे आखू शकतात. फिजिओथेरपिस्ट तिथल्या आयांना घरी करायचे व्यायाम शिकवू शकतात. पण कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, हातात अजून काही कसब नसलेल्या मुलामुलींनी मी सांगते ते ऐकून घ्यावं: तुम्ही शिकायला जा, आणि तसं उघड म्हणा.

दुसरी पायरी: आधी आसनगावची गाडी पकडा

ही पायरी सगळे गाळतात. परदेशी जायच्या आधी निदान सहा महिने, महिन्यातून दोन शनिवार, शहापूर किंवा मुरबाडच्या पाड्यांवर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेबरोबर जा. कसारा लोकलने आसनगाव, पुढे एसटी नाहीतर जीप. कुपोषण बघायला जगाचा नकाशा लागत नाही, तालुका जरा आत असला की पुरतं. १९९२मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ला.

तिथे अंगणवाडीताईंच्या बाजूला बसून दंडघेर मोजायला शिका. एक रंगीत पट्टी असते, मुलाच्या डाव्या दंडाच्या बरोबर मध्यावर लावायची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ पिवळा, त्याच्या वर हिरवा. दिसायला सोपं. पण मूल रडत असतं, हात आखडतं, पट्टी घट्ट ओढली की आकडा खाली येतो, सैल ठेवली की वर जातो. पन्नास मुलं मोजेपर्यंत हात बसत नाही. ही पट्टी जगभर तीच आहे. म्हणजे शहापुरात बसलेला हात किसुमूत तसाच चालतो.

आणि जमलं तर नगर जिल्ह्यातल्या जामखेडलाही जाऊन या. १९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर, आरोग्याच्या कामासाठी तयार केलं. ते पाहायला आणि शिकायला परदेशातून लोक येतात. आपण मात्र जामखेडवरून गाडी पुढे काढतो आणि तेच शिकायला विमानाचं तिकीट शोधतो!

तिसरी पायरी: मुलांचं काम निवडताना

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

काठमांडूत मला ज्या 'अनाथाश्रमात' पाठवलं होतं, तिथे पोचून पाच मिनिटं झाली नसतील, चार वर्षांची एक मुलगी माझ्या कडेवर चढली. मला वाटलं, किती गोड, किती पटकन ओळख झाली. आज मला माहीत आहे की घरातलं धड मूल अनोळखी बाईच्या कडेवर असं चढत नाही. आपल्या सोसायटीतलं चार वर्षांचं मूल आईच्या ओढणीआडून बघतं. ही मुलगी दर तीन आठवड्यांनी नवी 'दिदी' बघत होती. आठव्या दिवशी तिथला एक मोठा मुलगा भांडी घासता घासता सहज म्हणाला, "दिदी कहिले जाने?" ताई, कधी जाणार? माझी तारीख कळली की त्याला पुढच्या दिदीचा हिशेब लागत होता.

त्यातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील जिवंत होते. हा काही त्या एका घराचा अपवाद नव्हता. सेव्ह द चिल्ड्रनने २००९मध्येच मांडलं होतं की जगभरच्या अशा संस्थांतल्या पाचपैकी निदान चार मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. नेपाळात माओवादी संघर्षाच्या काळात हुमलासारख्या दुर्गम डोंगराळ भागात दलाल गावोगाव फिरले. शहरात शिक्षण देतो म्हणून आईबापांकडून पैसे घेतले, मुलं काठमांडूत आणली आणि कागदोपत्री अनाथ केली. परदेशी पाहुणे आणि त्यांची देणगी येत राहिली, की मुलंही येत राहतात. आणि तो पाहुणा आता गोराच असतो असं नाही, ऐरोलीचाही असतो. ऑस्ट्रेलियाने २०१८चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना ही अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची तस्करी गुलामगिरीतच मोजली.

म्हणून माझं सरळ मत: अल्पमुदतीसाठी अनाथाश्रमात काम करायला जाऊच नका. कितीही चांगलं दिसो. मुलांसाठीच करायचं असेल तर मूल घरी राहील अशा कामाला हात लावा. शिक्षकांचं प्रशिक्षण, शाळेतलं पाणी आणि संडास, अपंग मुलांच्या पालकांना मदत, गावातली पोषण केंद्रं.

संस्थेला मेल करताना हे विचारा, आणि उत्तर लेखी मागा. मुलांबरोबर मी एकटी असणार का? (उत्तर 'नाही' हवं.) माझ्याकडून पोलीस पडताळणी मागणार का? जी संस्था तुमच्याबद्दल काहीच विचारत नाही, तिने तुमच्या आधी आलेल्याबद्दलही काही विचारलेलं नसतं. मी आले नाही तर हे काम कोण करतं? त्या माणसाचा पगार चालू राहतो ना? हा शेवटचा प्रश्न लोकांना आगाऊ वाटतो. विचारा. फुकटातला परदेशी मिळाला म्हणून गावातल्या शिक्षिकेला घरी बसवल्याची गोष्ट मी स्वतः पाहिली आहे.

चौथी पायरी: कोणामार्फत

संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, म्हणजे यूएनव्ही, १९७०च्या ठरावाने सुरू झाला. मुख्यालय जर्मनीत बॉन इथे. अठरा ते सव्वीस वर्षांच्या तरुणांसाठी वेगळ्या जागा असतात, अनुभवी लोकांसाठी वय सत्तावीसपासून पुढे. नोंदणीपासून निवडीपर्यंत ते कुठेही पैसे घेत नाहीत, उलट राहणीमान भत्ता देतात. यूएनव्हीच्या नावाने कोणी 'प्रोसेसिंग फी' मागितली तर तो चोर आहे, फोन ठेवा.

डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स (स्थापना १९७१) अनुभवी डॉक्टर-नर्सबरोबरच हिशेबनीस, साठा सांभाळणारे, पाणीपुरवठ्याची माणसं घेते. मुक्काम महिनोन्महिन्यांचा, आणि पगारी. व्हीएसओ ही १९५८ची ब्रिटिश संस्थाही अनुभवी व्यावसायिकांनाच पाठवते. विद्यार्थ्यांसाठी आयसेक ही त्यांचीच आंतरराष्ट्रीय संघटना आहे, काही आठवड्यांचे प्रकल्प, शुल्क असतं. तिथेही प्रकल्प निवडताना वरचे प्रश्न सोडू नका.

पैसे घेणारी प्रत्येक संस्था फसवीच असते असं नाही. तुमचं राहणं-जेवण, देखरेख करणाऱ्या माणसाचा वेळ, याला खर्च येतोच आणि तो तुम्ही उचलणं रास्त आहे. खर्चाची फोड मागा. किती रुपये त्या गावात पोचतात, किती मधल्या ऑफिसात राहतात? माझ्या पहिल्या एजन्सीने फोड दिली नाही, आणि मीही 'सेवेत कुठे हिशेब मागायचा' म्हणून गप्प बसले. आपल्याकडे भिशीचासुद्धा हिशेब मागतात.

पाचवी पायरी: कागदपत्रं

पासपोर्ट नसेल तर ठाणेकरांचं सेवा केंद्र वागळे इस्टेटला. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये, तात्काळला वर २०००. पत्ता आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आधी बघा. 'सौ.' झाल्यावर अर्ध्या कागदांवर बदललेलं नाव असलेल्यांनी तर नक्कीच.

व्हिसाबाबत एजंट हमखास सांगतात, "टुरिस्टवर जा हो, कोण बघतंय?" बघतात. टांझानियात स्वयंसेवकासाठी 'सी' वर्गाचा रहिवासी परवाना असतो, केनियातही पर्यटक म्हणून जाऊन काम करणं चालत नाही, वेगळा पास किंवा परवाना लागतो. तो यजमान संस्थेने काढून द्यायचा असतो. टाळाटाळ करत असतील तर त्यांची नोंदणी धड आहे का, याचीच शंका घ्या. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जायला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, म्हणून तर तिथे असल्या फेऱ्यांचा सुळसुळाट आहे.

पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरूनच, फी ५०० रुपये. ऐरोली, नेरूळ, पनवेलवाल्यांची चौकशी नवी मुंबई आयुक्तालयातून होते, घोडबंदर, कळवा, डोंबिवलीची ठाणे आयुक्तालयातून. एक गोम: पर्यटक व्हिसावर जाणाऱ्याला हा दाखला देत नाहीत. म्हणजे 'टुरिस्टवर जा' म्हणणारा एजंट तुमच्याकडून तो दाखलाही मागणार नसतो. जोडून बघा.

डॉक्टर-नर्सना याशिवाय तिथल्या कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते आणि त्यासाठी इथल्या कौन्सिलचं 'गुड स्टँडिंग' प्रमाणपत्र, म्हणजे तुमची नोंदणी चालू आहे आणि तुमच्यावर कारवाई नाही असा दाखला. चार महिने हाताशी ठेवा.

सहावी पायरी: लस आणि गोळ्या

हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. म्हणजे सहा महिने आधी सुरुवात. आसनगावच्या फेऱ्या सुरू कराल तेव्हाच हेही सुरू करा. टायफॉइड, धनुर्वात, हिपॅटायटिस ए, आणि कुत्री-माकडं असलेल्या भागात जायचं तर रेबीजचे आधी घ्यायचे डोस, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

पीतज्वराची लस मात्र कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. मुंबईत जे. जे. आणि के. ई. एम.सारखी ठरावीक सरकारमान्य केंद्रं आहेत. एक कुपी अनेकांत वापरली जाते म्हणून वार आणि वेळ ठरलेली असते, आधी चौकशी करून निघा. लस घेतल्याचा दाखला म्हणून पिवळं पुस्तक मिळतं, ते पासपोर्टमध्येच ठेवा. ते दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६पासून जन्मभर चालतं. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर तिथे गेल्या गेल्या सांगा. युगांडा, घाना यांसारखे देश ते पुस्तक पाहिल्याशिवाय आत घेत नाहीत. केनियाची गंमत वेगळी: भारतातून थेट गेलात तर जाताना ते मागत नाहीत, परत येताना मुंबईच्या सहार विमानतळावर आपलंच सरकार मागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण.

मलेरिया होऊ नये म्हणून डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात. जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू, रोज एक, आणि परतल्यावर आणखी चार आठवडे. जेवून, भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवं होऊ नका. मी एकदा घोटभर पाण्याने गिळून झोपले आणि दोन दिवस छातीत आग घेऊन हिंडले. उन्हाने कातडी भाजते, टोपी ठेवा.

सामान

थोडक्यात. केनियात ऑगस्ट २०१७पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर कडक बंदी आहे, टांझानियात जून २०१९पासून. माझ्या आईने चकलीपासून चपलांपर्यंत सगळं डी-मार्टच्या जुन्या पिशव्यांत बांधलं होतं, रात्री अकराला सगळं सोडून कापडी पिशव्यांत भरलं. तिथली प्लगची भोकं ब्रिटिश चौकोनी, ॲडॉप्टर घ्या. नेपाळात गरज पडत नाही, फक्त घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. मुलांना वाटायला चॉकलेटं, पेन्सिली नेऊ नका. पुढच्या पाहुण्याच्या खिशात हात घालायची सवय तिथूनच लागते.

भाषेचं भय बाळगू नका. स्वाहिलीत दुकानाला 'दुका', पैशाला 'पेसा', हिशेबाला 'हेसाबू', औषधाला 'दावा', आणि आंब्याला 'एम्बे'. बाजारात पहिल्याच दिवशी मी निम्मं मराठीत बोलून किलोभर एम्बे घेतले.

तिथे गेल्यावर

पहिले दोन आठवडे कशालाच हात लावू नका, वही धरा. किसुमूजवळच्या, व्हिक्टोरिया तलावाकाठच्या गावात मी एका आरोग्य स्वयंसेविकेच्या मागे नोंदवही घेऊन फिरत होते. आपल्या आशाताईंसारखीच ती. (२०२३पासून केनिया सरकारने अशा एक लाखांवर लोकांना किट देऊन कामाला लावलंय. नेपाळात तर १९८८पासून गावोगावी पन्नास हजारांवर महिला स्वयंसेविका आहेत.) एका घरी दीड वर्षाच्या मुलाचा दंड भरला ११.२. लाल. मी लगेच रेफरची चिठ्ठी काढली. ती मात्र उंबऱ्यावर बसली, शेंगा सोलायला घेतल्या, आणि मुलाच्या आईला विचारत राहिली. घरात आणखी किती मुलं? तू दवाखान्यात राहिलीस तर त्यांचं कोण करणार? नवरा कधी येतो? बोटीवर कोण गेलंय? अर्ध्या तासाने पलीकडच्या घरातून जाऊ आली, दोन मुलं घेऊन गेली, आणि मग ती आई निघाली. माझी चिठ्ठी घेऊन ती बाई घरीच बसली असती, आणि माझ्या वहीत 'रेफर केले' अशी सुबक नोंद झाली असती.

फोटोंना पुन्हा कळव्याची कसोटी. आपल्याकडे बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ने बंद केलंय. तिथल्या आजारी, अर्धनग्न मुलाला कडेवर घेऊन डीपी ठेवताना आपल्या भाच्याचा असा फोटो कोणी लावला तर चालेल का, तेवढं बघा.

पोचल्यावर भारतीय दूतावासात नाव नोंदवा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर खातं उघडून ठेवा. विम्यात आजारपणात हलवण्याचा खर्च धरलाय का, ते निघण्याआधीच वाचा.

परत आल्यावर

डॉक्सीच्या चार आठवड्यांच्या गोळ्या घरी आल्यावर लोक हमखास सोडतात. सोडू नका. आणि पुढच्या काही महिन्यांत ताप आला, अगदी साधी कणकण असली तरी, दवाखान्यात शिरताच पहिलं वाक्य हेच बोला: "डॉक्टर, मी केनियाहून आलेय." आपल्याकडे पावसाळ्यात ताप म्हटलं की डेंगी नाहीतर व्हायरल, दोन दिवस बघू म्हणतात. आफ्रिकेतल्या फाल्सिपॅरम नावाच्या जीवघेण्या मलेरियाला दोन दिवस बघायला वेळ नसतो. रक्ताची तपासणी त्याच दिवशी करून घ्या, आणि एकदा निगेटिव्ह आली तरी ताप उतरला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.